मधला खड्डा

माई मालीश करून घेऊन, अंगभर तेल आणि डोक्याला टॉवेल अशा थाटात परत आली, तेव्हा हनिमून सूटच्या मधोमध तिचा नवरा कापसात मांडी घालून बसला होता. पलंगावरची गादी जमिनीवर आली होती. तिची एका बाजूची शिवण हातभर उसवलेली होती आणि पोटातला निम्मा कापूस बाहेर काढून खिडकीशी त्याचा ढीग रचला होता. काल पलंगावर पसरलेल्या गुलाबाच्या पाकळ्या मात्र त्यांनी नीट गोळा करून बशीत ठेवल्या होत्या. तेवढं भान शिल्लक होतं.

"दार लाव," गादीवाले म्हणाले. "वाऱ्यानं उडेल सगळं."

माईनं दार लावलं. बाजारात सगळे त्यांना गादीवाले म्हणत, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मनातल्या मनात माईही तेच म्हणायची. तोंडावर अर्थातच अहो. खाली सासऱ्यांनी उभं केलेलं गाद्यांचं दुकान आणि वर बिऱ्हाड, असा तिचा सगळा संसार झाला होता. केसांतून, ताटातून आणि तान्ह्या पोरांच्या मुठींतून कापसाचे तंतू काढण्यात तिचा निम्मा जन्म गेला होता.

"हरलात म्हणजे," ती म्हणाली.

"हरलो कसा? दुकानाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. कालपासून एक शब्द काढला असेन तर सांग. गादीला हात लावायचा नाही असं कुठं ठरलं होतं?"

पैज माईनंच लावली होती. नदीकाठी तिच्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेलं छोटं घर होतं, पुढे व्हरांडा, मागे विहीर. दुकान पोरांच्या हवाली करून तिथं राहायला जाऊ, हे ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी गादीवाल्यांना कुणाची तरी मोठी ऑर्डर पूर्ण करायची असायची. शेवटी थोरल्याला कुठल्याशा सोडतीत या डोंगरावरच्या हॉटेलातला मुक्काम लागला आणि त्यानं तो आईवडिलांना दिला, तेव्हा माईनं संधी साधली. दोन दिवस दुकान डोक्यातून काढून दाखवा. दाखवलंत, तर मी हा विषय जन्मात पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर परत गेल्यावर त्या घराच्या व्हरांड्यात राहायला जायचं. गादीवाल्यांनी पटकन हो म्हटलं होतं. दोन दिवस म्हणजे काय मोठंसं, असं त्यांना वाटलं असावं.

आणि काल त्यांनी खरोखर कमाल केली होती. अर्ध्या डोंगरावर गाडी सोडून बॅटरीच्या गाडीतून वर येताना ते दऱ्या बघत होते, ढग बघत होते, एकदा तर चक्क तिच्या खांद्यावर हात टाकून बसले. हॉटेल असं की जगाच्या पाठीवर आणखी कुणी माणूस आहे याचा पत्ता लागू नये. खोलीची एक भिंत काचेची, काचेपलीकडे नुसता डोंगर. खोलीत फोनला रेंज नाही, लहान मुलांना मज्जाव, आणि प्रवेश फक्त जोडप्यांना. मॅनेजरबाई देवळात बोलावं तशा कुजबुजत बोलायच्या. आमच्याकडच्या गाद्यासुद्धा हातानं भरलेल्या आहेत, असे कारागीर आता राहिले नाहीत, असं त्या कुजबुजल्या, तेव्हा गादीवाल्यांचा चेहरा दाताखाली खडा आल्यासारखा झाला. पण ते एक अक्षर बोलले नव्हते.

रात्री दोघं घरच्यासारखी आपापल्या कडेला निजली, आणि थोड्या वेळानं मधोमध भेटली. गादीला मधे खड्डा होता. माई घसरत आली ती थेट गादीवाल्यांच्या दंडावर. त्यांनी "च्च" केलं, उठून आपल्या कडेला गेले, आणि परत आले. असं काही वेळा झाल्यावर त्यांनी नाद सोडला. त्यांचा हात तिच्या पाठीखाली अडकला होता तो तसाच राहिला. घरची गादी त्यांनी स्वतः भरलेली होती, मधोमध गोटी ठेवली तरी हलायची नाही इतकी सपाट. तिच्या दोन कडांना दोघं, आणि मधे आधी पोरं, मग नातवंडं, मग नुसती जागा. माईला त्या नुसत्या जागेची इतकी सवय झाली होती की ती नसली की कसं वाटतं हेच ती विसरली होती. सकाळी ती उठली ती गालातल्या गालात हसत, आणि मालीश करून घेतानाही हसत होती.

आणि इकडे या माणसानं तोच खड्डा बुजवायला घेतला होता. पैज जिंकल्याचं तिला काही वाटलं नाही, पण खड्ड्याचं फार लागलं. ती खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा टॉवेल तिनं इतका घट्ट पिळला की गादीवाल्यांनी मान वर केली.

"अगं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "कुणा आंधळ्यानं भरलीय ही? मधले दोरे ओढलेलेच नाहीत. कापूस सरकून कडेला गेला आणि मधे विहीर झाली. अशी गादी भरणाऱ्याचे हात..."

"तुम्हाला झोप लागली नाही?"

"कशी लागणार?"

माईला तर गाढ लागली होती.

मग हळूच कळलं की प्रकरण इथंच थांबलेलं नाही. दाभण गादीवाल्यांच्या चष्म्याच्या घरात कायमच असायचं, पण दोरा आणि चांगला कापूस हवा होता. म्हणून सकाळी माईची पाठ वळताच त्यांनी स्वागतकक्षातून धाकट्याला फोन लावला होता. तो यायला निघालाय, जेवणाच्या आत पोचेल, मग काय, दोन तासांचं काम, गादी पलंगावर आणि आपण फिरायला मोकळे.

माईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धाकट्याकडे गाडी नव्हती. गाडी थोरल्याकडे, आणि दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, या भांडणापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी थोरल्या सुनेमार्फत मागायचे. म्हणजे धाकटा येणार तर थोरला येणार, थोरला येणार तर मधे बोलायला सून येणार, आणि गाडीत एक जागा रिकामी आहे असं कळल्यावर...

"वहिनी," बाहेरून आवाज आला. "कुठल्या खोलीत कोंडलंय गं तुम्हाला?"

...वन्सं येणार. गादीवाल्यांची ही थोरली बहीण दुकानातच वाढली, लग्न मोडून परत आली ती दुकानामागच्या खोलीतच म्हातारी झाली, आणि तिचा आवाज पिंजण्याच्या यंत्रावर मात करायला घडलेला होता. जोडप्यांनाच प्रवेश आहे असं फाटकाशी सांगितल्यावर ती "मग माझ्यासाठी शोधा कुणीतरी" म्हणून सरळ आत आली होती. तिच्या मागून खांद्यावर कापसाचं पोतं घेतलेला धाकटा, दोऱ्याची रिळं घेतलेला थोरला, दोघांच्या मधे सून, आणि सगळ्यांच्या मागे "कृपया, आवाज, कृपया" करत मॅनेजरबाई.

खोलीत शिरल्यावर मॅनेजरबाईंची नजर गादीवर गेली आणि त्यांची कुजबुजही बंद झाली.

वन्सं पलंगाच्या लाकडी चौकटीवर बसल्या, हॉटेलवाल्यांनी टॉवेल दुमडून केलेल्या दोन हंसांपैकी एक उलगडून त्यांनी तोंड पुसलं आणि खोलीभर नजर फिरवली. न्हाणीघराला काचेचं दार बघून त्यांनी माईकडे बघितलं. माईनं काचेबाहेरचा डोंगर बघितला.

माईला एक गोष्ट खटकली. दोघं पोरं गादीकडे बघून चपापली होती. उसवलेली गादी त्यांना नवीन नव्हती, तेव्हा धसका घ्यायचं काही कारण नव्हतं. पण थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं, धाकट्यानं थोरल्याकडे, आणि ज्या दोघांनी वर्षभर एकमेकांच्या चपलांकडेही बघितलं नव्हतं त्यांनी डोळ्यांनीच काहीतरी ठरवलं. आईला हे कळायला वेळ लागत नाही. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आले की असेच उभे राहायचे.

"बाबा, तुम्ही आणि माई फिरून या ना," थोरला म्हणाला. "आम्ही करतो हे."

"वहिनी, दादाला सांग की मी कडेची शिवण घेतो," धाकटा म्हणाला.

"तो म्हणतो की तो कडेची—" सुनेनं सुरुवात केली.

"ऐकलंय मी," थोरला म्हणाला, आणि ती चमकून गप्प झाली.

गादीवाल्यांना कुणी हाकलतंय असं वाटलं की ते हटून बसत. त्यांनी आधी गादी उलटायला सांगितली. मोठी, जडशीळ गादी. सगळ्यांनी हात लावला, मॅनेजरबाईंनीही, का ते त्यांनाही कळलं नसावं. भिंतीकडचा कोपरा उजेडात आला आणि वन्सं खाली वाकल्या.

"अरे," त्या म्हणाल्या, "ही तर तुझीच गाठ."

गादीवाले डावखुरे होते. घराण्यात दुसरं कुणी नव्हतं. कोपऱ्यावर शेवटची गाठ मारली की त्यांच्या दोऱ्याचं टोक इतरांपेक्षा उलट्या बाजूला वळायचं. सासरे असताना यावरून ते रोज बोलणी खायचे, नंतर तीच त्यांची ओळख झाली. माईनं ती गाठ उशांवर, दुपट्यांवर, स्वतःच्या बाळंतपणाच्या गादीवर पाहिली होती. गादीवाले गुडघ्यावर बसून त्या गाठीकडे बघत राहिले.

"ही मी भरली, बाबा," धाकटा घाईनं म्हणाला. "तुमची गाठ शिकावी म्हणून तशी मारली."

गादीवाल्यांनी दाभणात दोरा ओवला आणि त्याच्या हातात दिला. "मार."

धाकट्यानं गाठ मारली. टोक इतरांसारखंच उजवीकडे वळलं.

"चूक माझी आहे," थोरला मधे पडला. "मी घाईत पाठवली. नीट सुकू दिली नाही."

"गाद्या सुकवायला कधीपासून लागलात तुम्ही?"

दोघं भाऊ एकमेकांच्या बाजूला सरकले. शेवटी सूनच पुढे झाली. तिनं पदर खोचला आणि म्हणाली की आता मीच सांगते, हे दोघं जन्मात सांगायचे नाहीत.

सोडत वगैरे काही नव्हती. हॉटेलांना माल द्यायचा नाही, तिथं गादीला मालक नसतो, हा बाबांचा नियम. तो मोडून थोरल्यानं गुपचूप या हॉटेलाला गाद्या दिल्या होत्या. त्याही दुकानातल्या सगळ्यात चांगल्या, म्हणजे बाबांच्या हातच्या. हॉटेलवाल्यांनी खूश होऊन मुक्काम भेट दिला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानात एक निवृत्त न्यायाधीश पाठ धरून आले होते. एकटेच झोपणारे गृहस्थ. त्यांच्या गादीत मधे खड्डा पडला होता. धाकट्यानं उघडून बघितली. मधल्या टाक्यांचा दोरा ओढायला बोटांत जो जोर लागतो तो बाबांच्या बोटांत राहिला नव्हता.

"तेव्हापासून तुम्ही संध्याकाळी चहाला वर आलात की हे दोघं खाली बसतात," ती म्हणाली. "तुम्ही दिवसा ओढलेले दोरे सोडतात आणि पुन्हा ओढतात. एक वरून दाभण घालतो, दुसरा खालून परत देतो. शब्दही न बोलता. ही गादी त्याच्या आधीची, म्हणून तशीच राहिली."

गादीवाल्यांनी गादीच्या मधोमध तळहात टेकवला. मग म्हणाले, "म्हणून मला हल्ली दुसरा कप मिळतो."

सुनेनं मान खाली घातली.

माई बघत होती. गादीवाल्यांनी डावा हात उजव्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबून बघितली, गिऱ्हाईक गादी दाबून बघतं तशी. आता हा माणूस परत जाऊन मुकाट्यानं चाव्या देणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. नदीकाठचं घर तिला मिळणार होतं. तिथं व्हरांड्यात ते आपल्या बोटांकडे बघत बसणार आणि ती त्यांच्याकडे. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्यांनी दुकान सोडावं. पण ते तिच्यासाठी सोडावं, असं तिला वाटत होतं. हात गेले म्हणून नव्हे. आपल्या जिंकण्याचा तिला असा राग आला की ती उभीच राहिली.

"गादीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चांगली गादी आहे."

"माई, मधे खड्डा आहे," थोरला हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला. मीच निजले होते ना तिच्यावर? मला तो खड्डा आवडला."

वन्संनी दुसरा हंस हातात घेतला आणि तो उलगडायचं विसरल्या.

"घरची गादी सपाट आहे," माई म्हणाली. आता सुरुवात केलीच होती. "इतकी सपाट की हे त्या कडेला आणि मी या कडेला. मधे जागाच जागा. इथं घसरून एकत्र आलो, तर यांनी सकाळी उठून तो खड्डाच उसवला. मला कुणी विचारलं का?"

धाकटा छताकडे बघू लागला. सून तोंडाला पदर लावून खोकली. गादीवाल्यांचे कान लाल झाले होते, लग्नाच्या फोटोत होते तसे.

मॅनेजरबाईंनी घसा साफ केला. आल्यापासून पहिल्यांदाच त्या माणसासारख्या आवाजात बोलल्या. त्या म्हणाल्या की ही खोली पाहुणे पुन्हा पुन्हा मागून घेतात. डोंगर सगळ्याच खोल्यांतून दिसतो, तरी हीच मागतात. बाईसाहेब म्हणतात ते कारण असेल असं आपल्याला कधी सुचलं नव्हतं. भांडत आलेलं एक जोडपं तर मुक्काम वाढवून गेलं. तेव्हा गादीत जे काही होतं ते कृपया परत घालून द्यावं.

"घ्या," वन्सं म्हणाल्या. "माझं लग्न टिकलं असतं, पण आमच्याकडे नुसत्या फळ्यांची खाट होती."

गादीवाले हसले नाहीत, पण उठले. बाह्या सारून त्यांनी कामं वाटून दिली. कापूस मोकळा करायला वन्सं आणि सून, कडेची शिवण धाकट्याला, गादी धरून खालून दाभण परत द्यायला थोरला. माई म्हणाली मला काय, तर ते म्हणाले तू तेलकट आहेस, लांब बस. हनिमून सूटच्या गालिच्यावर सगळं घराणं गोल करून बसलं आणि दुकानातल्यासारखी बडबड सुरू झाली. मॅनेजरबाईंनी चहा मागवला आणि त्या स्वतः दाराशी राखणीला उभ्या राहिल्या, कारण शेजारच्या खोलीतलं जोडपं डोकावून गेलं होतं.

आरपार टाके घालायची वेळ आली तेव्हा गादीवाल्यांनी हात पुढे केला. "हे मी घेतो."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. गादीवाल्यांनी डाव्या हातानं दाभण खाली घातलं, थोरल्यानं परत दिलं, त्यांनी दोरा ओढला. कडेजवळचे टाके ओढताना त्यांच्या कपाळावर शीर उमटली, धाकट्यानं न विचारता हात लावला, आणि त्यांनी लावू दिला. मधे आल्यावर मात्र त्यांनी त्याचा हात बाजूला केला. दोरा नुसता धरल्यासारखा ओढला आणि गाठ मारली.

"बाबा, सैल राहिला," थोरला म्हणाला.

"तुझं काम खालचं. वर बघू नकोस."

कोपऱ्याची शेवटची गाठ मारायला गादीवाल्यांनी दाभण धाकट्याच्या हातात दिलं, आणि काम संपलं. गादी पलंगावर चढली, चादर पडली. पोरांनी खाली पडलेला कापूस वेचला. मॅनेजरबाई सगळ्यांना जेवायला घेऊन गेल्या. जाताना वन्संनी बशीतल्या पाकळ्या गादीवर ओतल्या, पसरायच्या भानगडीत न पडता, एका ढिगात.

दुपारचं ऊन काचेतून आत आलं होतं. गादीवाले म्हणाले, जरा पडून बघायला हवं, काम तपासल्याशिवाय सोडू नये. माई आपल्या कडेला आडवी झाली. गादी भरगच्च लागली, कडक, घरच्यासारखी. तिचं मन खट्टू झालं. हा माणूस काय बदलणार, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं गादीवाले आडवे झाले.

माई घसरली. हळूहळू, पाकळ्यांसकट, थेट त्यांच्या दंडापर्यंत.

"इतक्या वर्षांत मुद्दाम वाईट काम कधी केलं नव्हतं," गादीवाले छताकडे बघत म्हणाले.

तिनं त्यांचा डावा हात शोधून धरला. मग विचारलं, "दाभण कुठं आहे तुमचं?"

"धाकट्याकडे."

"परत नाही घेतलंत?"

ते दाभण त्यांच्या वडिलांचं होतं. पोरांना ते हाताळायला द्यायचे, पण काम झालं की मागून परत चष्म्याच्या घरात. आजवर कुणाकडे राहिलेलं नव्हतं.

"राहिलं," ते म्हणाले. "व्हरांड्यात कशाला लागतंय?"

माईनं त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्यांच्या अंगाला कापसाचा वास येत होता आणि तिच्या अंगाचं तेल त्यांच्या सदऱ्याला लागत होतं.

बाहेर पॅसेजमध्ये आवाज चढले. परतीच्या वाटेवर गाडी कुणी चालवायची यावरून थोरला आणि धाकटा भांडत होते, सुनेला मधे न घेता, थेट एकमेकांशी, वर्षभराची कसर भरून काढत. दोघांच्या वरताण वन्संचा आवाज, आणि त्याखाली कुठेतरी "कृपया, कृपया."

"बघतो काय चाललंय," म्हणत गादीवाले उठायला गेले. कोपरावर भार देऊन अर्धे वर आले, आणि परत खड्ड्यात आले.

"राहू द्या," माई म्हणाली. "त्यांचं ते बघतील."

गादीवाल्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, आणि डोळे मिटले.